वन्सं, ऐन पेपरांत गेलात

वन्सं, वेळ तरी बघायची होती.

माझ्या ऋतुजाचे दहावीचे भाषांचे पेपर होऊन गेले होते आणि बीजगणित परवावर आलं होतं. ती जेवणाच्या टेबलावर वर्गसमीकरणं सोडवत बसली होती, मी कुकर लावत होते, आणि कोडोलीहून दाजींचा फोन आला. तुम्ही डेअरीत दूध घालून आलात, दारातल्या कट्ट्यावर टेकलात, दाजींना म्हणालात, "बसा, च्या टाकतो," आणि उठलाच नाहीत. दाजी फोनवर हेच पुन्हा पुन्हा सांगत होते. चहाचं राहून गेलं, हीच जणू मुख्य गोष्ट होती.

खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही. राग आला. "पेपर चालू असताना घरात कसलं नवीन काढायचं न्हाय," हा कायदा तुमचा. थोरल्या अभिजितच्या दहावीला विलासनं घर रंगवायला काढलं, तर रंगाऱ्याला तुम्ही दारातून परत पाठवलंत. यंदा ऋतुजाच्या पहिल्या पेपराला शेजारच्यांनी वास्तुशांत ठेवली, तर कोडोलीत बसून त्यांना फोन केलात आणि स्पीकर बंद करायला लावलात. त्यांचा नंबर तुम्हाला कुणी दिला, ते आम्हाला आजही कळलेलं नाही. आणि एवढं सगळं करून स्वतः काय केलंत?

आमच्या लग्नात विलास माझ्या कानात म्हणाला होता, "अक्का माझी थोरली बहीण आहे, बोलायला तिखट आहे, जरा सांभाळून घे." सांभाळून घ्यायला तुम्ही कधी एका जागी थांबलात का? मला नणंद मिळाली नाही, माझ्या घराला एक वरचा अधिकारी मिळाला. भाजी कशी चिरायची यावर तुम्ही बोलायचात, ते मी सोसलं. पण परीक्षा हा माझा प्रांत आहे, वन्सं. मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. दर फेब्रुवारीत दहावीच्या वर्गासमोर उभी राहून मी घसा कोरडा करते. आदल्या दिवशी लवकर झोपा, हॉलतिकीट आणि पेनं आदल्या संध्याकाळीच भरून ठेवा. सकाळी हलकं खा. नवीन काही उघडू नका. पेपर हातात आला की आधी पूर्ण वाचा, येतंय ते आधी सोडवा, अडलं की तिथं बसून राहू नका, आणि बाहेर आल्यावर झालेल्या पेपराबद्दल अवाक्षर काढू नका, पुढचा पेपर त्यानं बिघडतो. वर्षानुवर्षं हे सांगून माझं पाठ झालंय. आणि माझ्याच पोरांना याच्या बरोबर उलटं सांगायला तुम्ही दर परीक्षेला एसटीनं यायचात.

बोलावलं मीच होतं, हे मान्य आहे. अभिजितच्या दहावीला माझी सुपरव्हिजन दुसऱ्या केंद्रावर लागली होती. म्हणजे मी परक्यांच्या पोरांना "घाबरू नका" म्हणणार आणि माझं पोरगं एकटं केंद्रावर जाणार. विलासला फौंड्रीत रजा मिळेना. मी तुम्हाला फोन केला, तेव्हा वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही म्हणालात, "आलो." आणि आदल्या दिवशी संध्याकाळी दारात हजर. एका हातात म्हशीच्या दुधाच्या दह्याचा डबा, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा.

दही-साखर मी समजू शकते. एक चमचा हातावर ठेवा, पोराला बरं वाटतं. पण तुम्ही सकाळी त्याला लोणी घालून दोन चपात्या, वाटीभर शिरा आणि वर पेलाभर दूध पाजलंत. मी ड्युटीला निघताना ओरडून सांगितलं होतं, "वन्सं, हलकं द्या." तुम्ही काय म्हणालात? "रिकाम्या पोटी डोकं चालतंय व्हय? इंजिनात आदी तेल घालावं लागतंय की." हिंदीच्या पेपरात अभिजितला झोप लागली. उताऱ्यावरचे प्रश्न वाचता वाचता मान खाली गेली आणि सुपरव्हायझरनं येऊन बाकावर टकटक केलं. घरी आल्यावर तो हे सांगायला लागला, तर तुम्ही त्याच्याच बाजूनं, "झोप लागली म्हंजे मनाला घोर न्हवता. चांगलंच की."

आणि पेपराआधीचा तो तमाशा. मी सांगते, केंद्रावर अर्धा तास आधी पोचा, शांत बसा. तुम्ही त्याला इतक्या लवकर नेऊन बसवायचात की शाळेचं गेटही उघडलेलं नसायचं. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसून शेवटच्या मिनिटापर्यंत त्याला प्रश्न विचारायचात. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या पोरांनाही विचारायचात. एका मुलीला तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही म्हणून ती तिथंच रडायला लागली, आणि तिच्या आईनं तुमच्याशी भांडण काढलं. हे तुम्हीच मला हसत हसत सांगितलंत! "बाई जरा डोक्यावर पडलेली हुती," म्हणालात.

पेपर सुटला की गेटातच सुरुवात. "किती सोडवला? ह्याचं काय लिवलास? मग त्येचं? आरं, त्ये चुकलं की!" मी कपाळावर हात मारायची. झालेला पेपर झाला, वन्सं, तो परत लिहिता येत नाही, उद्याचा बिघडेल. तर तुमचं उत्तर ठरलेलं असायचं. "पोटात ठिवून ठिवून सडतंय. भाईर काढलं की मोकळं." आपली या एका गोष्टीवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी विलासची आणि माझी संसारात झाली नसतील.

तरी अभिजित पास झाला. चांगल्या मार्कांनी झाला. ते कुणामुळे, यावरही आपण भांडलो.

मग तुमच्या डोक्यात ते खूळ शिरलं. दिवाळीला तुम्ही फराळाचे डबे घेऊन आला होतात. करंज्या ताटात मांडता मांडता, लग्नाचं आमंत्रण सांगावं तसं सांगितलंत, "मनीषा, मी दहावीला बसतोय. सतरा नंबरचा फारम भरलाय." विलासच्या हातातली चकली खाली पडली. बाहेरून परीक्षेला बसता येतं हे तुम्हाला गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं म्हणे.

"अक्का, आता या वयात?" विलास म्हणाला.

"वयाचं काय? नववीचा निकाल लागला आन् त्याच म्हैन्यात लग्न लावून दिलंत माझं. इतकी वर्सं गेटाच्या भाईरनंच बगतोय. आत काय चालतंय ते एकदा बगायचं हाय मला."

विलास पडलेली चकली उचलायला वाकला. एवढ्या वर्षांत तुम्ही त्या लग्नाबद्दल बोललेलं मी ऐकलं नव्हतं. पण तुम्ही लगेच करंजी माझ्या पुढं केलीत आणि म्हणालात, "आता तू शिकीव. मास्तरीण घरातच हाय तर क्लास कशाला लावू?"

त्या चार महिन्यांत माझं जे झालं, ते मलाच माहीत. दर रविवारी पहिल्या एसटीनं तुम्ही यायचात. मराठी, इतिहास तुम्ही गोष्टीसारखे वाचलेत, त्यात मला काही करावं लागलं नाही. पण गणित!

"एक्स म्हंजे कोण?"

"एक्स म्हणजे आपल्याला माहीत नसलेली संख्या."

"म्हाईत न्हाय तर मग त्याला नाव कशाला दिलंय?"

"नाव दिलं की ती शोधता येते, वन्सं."

"आन् न्हाय घावली तर?"

"सापडते. प्रत्येक वेळी सापडते. म्हणून तर उदाहरण दिलेलं असतं."

"तसं असतंय व्हय," म्हणालात, आणि वहीत माझ्याकडे न बघता आकडे मांडायला लागलात. चुकीचे. तुम्हाला गणित येत नव्हतं, वन्सं, आणि तुम्ही सराव करत नव्हतात. मी दिलेली उदाहरणं तुम्ही पुढच्या रविवारी तशीच परत आणायचात. विचारलं की म्हशीचं कारण, उसाच्या तोडीचं कारण, घरच्या पावण्यांचं कारण. मी शाळेत ज्या पोरांवर चिडते, त्यांची सगळी कारणं तुमच्याकडे होती, वर तुम्ही माझ्याहून मोठ्या. कान पिरगळायची सोय नाही.

परीक्षेच्या दिवशी काय करायचं हे मी तुम्हाला दहादा सांगितलं. तुम्ही ऐकताना खिडकीतून बाहेर बघायचात, मध्येच कोथिंबीर निवडायला घ्यायचात. एकदा तर मी आधी पूर्ण पेपर वाचायचं का महत्त्वाचं ते समजावत होते आणि तुम्ही विचारलंत, "ह्या कुकरची रिंग कधी बदलल्यास?" मला वाटलं, भिंतीशी बोलतेय.

पहिल्या पेपराला मी तुम्हाला स्कूटीवर बसवून नेलं. या वेळी मी ड्युटी घेतलीच नव्हती. नवी इस्त्रीची साडी, कपाळाला मोठं कुंकू, हातात पारदर्शक पाऊच. गेटावरच्या शिपायानं हात आडवा घातला. "पालकांनी भाईर थांबायचं, मावशी."

"पालक न्हाय, उमेदवार हाय मी," तुम्ही इतक्या मोठ्यानं म्हणालात की रांगेतली सगळी पोरं वळून बघायला लागली. शिपायानं हॉलतिकीट बघितलं, तुम्हाला बघितलं, पुन्हा हॉलतिकीट बघितलं. मग बाजूला सरकून म्हणाला, "जावा आत, पावणं." एका पोरानं शिट्टी मारली. तुम्ही त्याच्याकडे वळून म्हणालात, "पेन आणलायस न्हवं रं, का नुसती शिट्टीच?" आणि आत गेलात. मागं वळूनसुद्धा बघितलं नाहीत. मी तिथंच उभी राहिले आणि सारखी घड्याळ बघायला लागले. अभिजितच्या वेळी बघितलं नव्हतं एवढ्या वेळा.

भाषा पार पडल्या. मग बीजगणित.

पेपर सुटल्यावर तुम्ही बाहेर आलात ते चेहरा पडलेला. मी माझ्या नियमाप्रमाणे काही विचारलं नाही. स्कूटी सुरू केली. दसरा चौक ओलांडला. आणि मग मागच्या सीटवरून, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झालात.

पेपर हातात आला, आणि तुम्हाला काही दिसेना. अक्षरं दिसत होती पण लागत नव्हती. पहिला प्रश्न तुम्ही परत परत वाचलात आणि त्यातला एकही शब्द डोक्यात शिरेना. तेवढ्यात शेजारच्या बाकावरची मुलगी हुंदके द्यायला लागली. तिलाही काही सुचत नव्हतं. आणि तुम्ही, वन्सं, स्वतःचा पेपर कोरा ठेवून तिच्याकडे वळलात.

"काय म्हणालात तिला?" मी विचारलं.

"म्हणालो, रडू आलंय तर रडून घे वाईच. मग पाणी पी. मग ह्या प्रश्नाकडं बगूच नगंस, त्याच्या खालचा बग. सगळा पेपर एकदा वरनं खालपत्तोर वाच. ज्ये येतंय त्ये आदी लिव. आडलं तर म्होरं जा, मग परत ये."

मी स्कूटी बाजूला घेतली. "वन्सं, हे माझं आहे!"

"तुजंच हाय. मग कुणाचं आसणार?"

"म्हणजे तुम्ही ऐकत होतात?"

"भैरी हाय व्हय मी?"

मला हसावं की रडावं कळेना. "आणि मग? तुम्ही स्वतः तसं केलंत का?"

नव्हतं केलंत. करायला मिळालंच नाही. सुपरव्हायझर आले, बोलता म्हणून तुमची उत्तरपत्रिका काढून घेतली, तुम्हाला उठवून अगदी पुढच्या बाकावर बसवलं. तुम्ही त्यांना सांगत राहिलात की कॉपी केली नाही, पोरगी रडत होती. त्यांनी नियमच सांगितला, आणि सुपरव्हिजन करणारी बाई म्हणून मला माहीत आहे, मीही तेच केलं असतं. उत्तरपत्रिका परत मिळेपर्यंत बराच वेळ गेला होता. उरलेल्या वेळात तुमच्यानं फार काही झालं नाही.

"तुम्हाला काय गरज होती?" मी भर रस्त्यात ओरडले. पलीकडचा रसवाला बघायला लागला. "चार महिने मी डोकं फोडून घेतलं. ती पोरगी जुलैत परत बसली असती. तिला आई-बाप आहेत, मास्तर आहेत. तुम्ही स्वतःचं बघायचं होतं!"

"आगं, ती रडत हुती," तुम्ही म्हणालात. पाऊच मांडीवर नीट ठेवलंत. मग म्हणालात, "पर गप झाली. लिवायला लागली. मी म्होरनं वळून बगितलं."

मी स्कूटी पुन्हा सुरू केली.

निकाल मी माझ्या फोनवर बघितला. सगळ्या विषयांत पास, गणितात नापास. मराठीत तर माझ्या वर्गातल्या हुशार पोरींना मिळतात तेवढे मार्क. मी फोन करून तुम्हाला कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होते. तुम्ही तोवर डेअरीवर पेढे वाटून मोकळ्या झाल्या होतात. "एक सोडून सगळ्यात पास झालो," असं सांगत. लोकांनी पेढे खाल्ले आणि अभिनंदन केलं. मी म्हटलं, वन्सं, नापास झाल्याचे पेढे कोण वाटतं? तुम्ही म्हणालात, "पास झाल्यालं वाटलं. नापास झाल्यालं घरात ठिवलंय."

तेव्हापासून मी तुमच्या मागं लागले. जुलैत एकच विषय द्यायचाय, बसा. "जुलैत रोपलावण हाय." मग पुढच्या मार्चला बसा. "मार्चात ऊस तुटतोय." त्याच्या पुढच्या जुलैत? "आतनं बगून झालं. आता काय उरलंय त्यात?" दरवर्षी हेच. मी चिडून म्हणायचे की अर्धवट सोडायची ही कसली सवय. तुम्ही म्हणायचात की मास्तरणीला घरात तरी सुट्टी असावी. विलास मध्ये पडायचा, दोघींकडून बोलणी खायचा आणि बाहेर निघून जायचा.

आपलं शेवटचं बोलणंसुद्धा भांडणच झालं. हिंदीच्या पेपरानंतर तुम्ही फोन केलात, मी म्हटलं, ऋतुजा दमलीय. तर तुम्ही सरळ तिच्याच मोबाइलवर लावलात आणि निबंधापासून पत्रलेखनापर्यंत सगळं उकरून काढलंत. पत्रात तारीख घालायची राहिली हे तिच्या लक्षात आलं, आणि ती तोंड पाडून बसली. मी फोन ओढून घेतला आणि तुम्हाला बोलले. स्पष्ट बोलले. मला त्याचं वाईट वाटत नाही, वन्सं. मी बरोबर होते, आणि आता तुम्ही गेलात म्हणून मी चूक ठरत नाही.

तुम्ही हसलात. म्हणालात, "बरं बाई, न्हाय विचारत." मग मी, राग होताच अंगात, म्हटलं, "दुसऱ्यांच्या पोरांचे पेपर तपासण्यापेक्षा जुलैत स्वतःचा द्या." दरवेळी यावर तुमचं "न्हाय" ठरलेलं. या वेळी तुम्ही म्हणालात, "बगू की."

"बगू की म्हणजे काय? हो का नाही?"

तेवढ्यात तिकडं म्हैस ओरडली आणि तुम्ही फोन ठेवलात. मला अजून कळलेलं नाही, वन्सं. हो की नाही?

बीजगणिताचा पेपर आणि तुमचं रक्षाविसर्जन एकाच दिवशी आलं. कोडोलीत अंत्यविधी उरकून सगळे अंगणात बसलो होतो, तिथं विषय निघाला. तुमच्या मुरगूडच्या काकी म्हणाल्या, "सख्खी आत्ती गेल्या आन् पोरगी पेपर लिवणार? लोक काय म्हणतील?" विलास खाली मान घालून बसला होता. मी बोलणार, तेवढ्यात ऋतुजाच म्हणाली, "मी नाही जाणार पेपरला. मला इथं थांबायचंय आत्तीसाठी. जुलैत देईन."

माझी सगळी मास्तरकी संपली. वर्गात कसं बोलायचं ते मला येतं. तुमच्या चितेवरून आलेल्या माणसांत बसून, रडणाऱ्या मुलीला पेपर दे म्हणून कसं सांगायचं ते मला येत नव्हतं.

दाजी भिंतीला टेकून बसले होते तिथूनच म्हणाले, "ऋतू, पेपर बुडीवलास तर ती राखंतनं उठून यील. आन् आदी मला बोलंल."

कुणीतरी हसलं. मग काकीसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. ऋतुजा उठून दाजींजवळ जाऊन बसली. आम्ही त्याच संध्याकाळी कोल्हापूरला परत आलो.

पेपराच्या सकाळी विलास कोडोलीत होता आणि घरात आम्ही दोघीच. ती झोपली नव्हती. खायला दिलं ते तिनं ताटातच ठेवलं. उजळणी नाही, काही नाही. डोळे सुजलेले. शांत झोप, हलका नाश्ता, प्रसन्न मन. मी दरवर्षी जे जे सांगते त्यातलं एकही तिच्यापाशी नव्हतं. माझ्या सगळ्या सूचना ज्याच्या घरात कुणी गेलेलं नाही अशा पोरासाठी असतात, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर त्या सकाळी कळलं. आणि दरवर्षी माझ्या वर्गात असं एखादं पोर बसलेलं असणारच, ते माझं बोलणं ऐकून काय करत असेल, असं मनात आलं.

गेटापाशी ती थांबली. म्हणाली, "आई, आत मला रडू आलं तर?"

"तर रड," मी म्हटलं. "थोडं रडून घे. मग पाणी पी. पहिल्या प्रश्नाकडे बघू नकोस, सगळा पेपर वरून खालपर्यंत वाच. येतंय ते आधी लिही. अडलं तर पुढं जा, मग परत ये."

तिनं माझ्याकडे बघितलं. "हे आत्तीचं आहे."

"माझं आहे," मी म्हटलं. "त्यांनी चोरलं होतं."

तुम्ही गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. जेमतेम. मग आत गेली.

बाहेर आली तेव्हा मी काही विचारलं नाही. स्कूटीवर बसली, आणि आपणहून सुरू झाली. पहिला प्रश्न, दुसरा, कुठं अडली, कुठलं उदाहरण दोनदा सोडवलं, उत्तर काय आलं. एक उत्तर चुकलंय हे मला चालवता चालवता कळत होतं. जीभ चावली. मी पूर्ण पेपर ऐकला, वन्सं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती बोलत होती तेवढा वेळ तिचा आवाज सरळ होता. शेवटचा प्रश्न सांगून झाला आणि तिनं माझ्या पाठीवर डोकं टेकलं. मी हे पुन्हा करणार नाही. भूमितीच्या वेळी केलं, पण विज्ञानाला करणार नाही. तुमचं बरोबर होतं असं मी कुठंही म्हटलेलं नाही, तसं धरून चालू नका.

काल उत्तरकार्याच्या तयारीला कोडोलीला गेलो होतो. गावातल्या बचत गटाच्या अध्यक्षा आल्या होत्या. त्या दिवशी त्या तुमच्याबद्दल चार शब्द बोलणार आहेत, त्यासाठी माहिती लिहून घेत होत्या. माहेर, सासर, मुलं, गटाचं काम. विलास एकेक सांगत होता. मी आत चहा टाकत होते.

"आन् शिक्षाण?" त्यांनी विचारलं.

"नववी," विलास म्हणाला.

मी हातातलं गाळणं तसंच घेऊन बाहेर आले. "दहावी," मी म्हटलं. "फक्त गणित राहिलंय."

बाईंनी विलासकडे बघितलं, मग माझ्याकडे. समजूतदार आहेत त्या. कागदावर पेन टेकवून हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजे राहिलं हुतं, असं लिवू न्हवं?"

"नाही," मी म्हटलं. "राहिलंय असंच लिहा."